फोनला लाइन आउट नाही म्हणून काही अडत नाही. अडतं ते मधल्या वायरीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इंदूरच्या सुदामानगरात आमचं गाण्याचं मंडळ आहे. गणेशोत्सवात आणि कोजागिरीला भावगीतं, नाट्यगीतं ट्रॅकवर म्हणतो. ट्रॅक मोबाईलवरून मिक्सरला देतो. आवाज बारीक येतो, वाढवला की घरघर येते, आणि यंदा तर एका गाण्यात ट्रॅकमधली बासरीच गायब झाली. दुकानदार म्हणतो की मोबाईलला लाइन आउट नसतं, पंधरा हजारांचा डॅक घ्या. नव्या फोनला हेडफोनचं भोकही नाही. घरात एक जुना आयपॉड क्लासिक पडलाय. नक्की काय घ्यावं?"

ताई, डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी, घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकीचंही मूळ फोनच्या आतल्या चिपमध्ये नाही. बारीक आवाज, घरघर, हरवलेली बासरी, सगळं फोन आणि मिक्सर यांच्या मधल्या चार हात वायरीत आणि व्हॉल्यूमच्या बटणात आहे. इंदुरातल्या मराठी कार्यक्रमांचा साउंड मी बरीच वर्षं बघतोय, रवींद्र नाट्यगृहापासून गल्लीतल्या मांडवापर्यंत. ट्रॅक खराब वाजला की लोक आधी फोनला दोष देतात, मग महागडी वस्तू आणतात, आणि ती त्याच जुन्या वायरीने जोडतात. घरघर आहे तशीच राहते.

आधी लाइन आउट म्हणजे काय ते बघू, कारण त्या शब्दाचा धाक उगाच बसलाय. लाइन आउट म्हणजे ठराविक पातळीचा आवाज बाहेर देणारी जागा. यंत्राचं व्हॉल्यूम बटण कसंही फिरवा, तिथली पातळी हलत नाही. ती पुढच्या मशीनला देण्यासाठी असते, कानाला लावण्यासाठी नव्हे. हेडफोनच्या जागेला मात्र १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन ढकलायचा असतो, म्हणून तिच्यामागे छोटा ॲम्प्लिफायर असतो. १९७९ साली वॉकमन आला तेव्हापासून पुढची वीसेक वर्षं हा ॲम्प्लिफायर खरोखरच यथातथा असायचा. सूं आवाज यायचा, बेस फुगवलेला असायचा. त्याला वळसा घालून बाहेर पडता यावं म्हणून डिस्कमनच्या काळात पुष्कळ यंत्रांवर वेगळं लाइन आउट दिलेलं असे, आणि जाणकार माणूस तेच वापरायचा. तेव्हा तो सल्ला बरोबर होता.

आज फोनमध्ये डॅक आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर बहुधा एकाच चिपमध्ये असतात. वळसा घालून जायला वेगळी वाटच नाही, आणि तशी गरजही नाही. मिक्सरच्या लाइन इनपुटचा भार साधारण १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो. ३२ ओहमचा हेडफोन चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला १० हजार ओहम म्हणजे जवळजवळ काहीच न जोडल्यासारखं. त्याला करंट द्यावा लागत नाही, त्यामुळे आवाज फाटण्याचं प्रमाण हेडफोन लावल्यावर असतं त्याहून कमीच होतं. म्हणजे फोनची हेडफोनची जागा, व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवून मिक्सरला दिली, की तेच तुमचं लाइन आउट. फरक एवढाच की ते हलू शकतं, म्हणून ते हलणार नाही याची काळजी आपण घ्यायची.

आता आकडे, कारण दुकानदाराचा "फोनमध्ये दमच नसतो" हा मुद्दा आकड्यांनीच सुटतो. सीडी प्लेअरचं लाइन आउट पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट देतं. चांगल्या फोनची किंवा ॲडॅप्टरची हेडफोनची जागा पूर्ण व्हॉल्यूमला साधारण १ व्होल्ट देते. हा फरक ६ डेसिबलचा, म्हणजे मिक्सरच्या गेनची (आत येणारा आवाज वाढवणारी) कळ थोडीशी उजवीकडे सरकवली की भरून निघणारा. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलचा फरक लागतो. घरगुती यंत्रांची नेहमीची लाइन पातळी म्हणून जी धरतात ती ०.३१६ व्होल्ट आहे, व्यावसायिक सामानाची १.२३ व्होल्ट. गाण्याची सरासरी पातळी त्याच्या टोकापेक्षा बरीच खाली असते, म्हणून १ व्होल्टचं टोक असलेला फोन घरगुती लाइनच्या आसपासच बसतो. मिक्सरवरची टू-ट्रॅक इन किंवा टेप इन लिहिलेली आरसीएची जोडी याच पातळीसाठी असते.

मग तुमचा आवाज बारीक का येतो? बहुतेक वेळा कारण असं असतं की फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवलेला असतो. "फुल केला तर फाटेल" ही भीती जुन्या टेपरेकॉर्डरपासून चालत आलीय. निम्म्यावर ठेवून मिक्सरवर गेन वाढवला की मधल्या वायरीतली सगळी घाणही तेवढीच वाढते. उलटं करा. फोन ९० टक्क्यांवर, शेवटून एक-दोन खाचा खाली. मग मिक्सरचा फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी दांडी, शून्याच्या खुणेवर ठेवून ट्रॅकमधला सर्वांत जोरकस भाग वाजवा, आणि लाल दिवा अजिबात लागणार नाही इतकाच गेन ठेवा. यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत फोनच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, कमी-जास्त फक्त फेडरने.

एक सापळा मात्र आहे. फोनमधली काही सोय तुमच्या नकळत आवाज खाली आणते. "जास्त आवाजात बराच वेळ ऐकताय" असा इशारा बऱ्याच अँड्रॉइड फोनवर येतो आणि काही फोन तिथेच आवाज उतरवतात. फोनला कळत नाही की पलीकडे कान नाही, मिक्सर आहे. आयफोनमध्ये हेडफोन सेफ्टीखाली मोठा आवाज कमी करण्याचा पर्याय असतो, तो बंद आहे ना बघा. डॉल्बी, इक्वलायझर, आवाज समान करणारे पर्याय, थ्रीडी साउंड, सगळं बंद ठेवा. यातलं डॉल्बी आणि थ्रीडी तर खास त्रासदायक, कारण ते डाव्या-उजव्या बाजूंत खोटा फरक निर्माण करून आवाज पसरवतात, आणि मांडवातल्या मोनो स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की तो पसरवलेला भाग एकमेकाला खाऊन टाकतो.

यावरूनच तुमच्या बासरीकडे येतो. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे, आणि बहुतेक लोक तिला "ट्रॅकच खराब होता" म्हणून सोडून देतात.

ट्रॅक स्टिरिओ असतो. मुख्य वाद्य, म्हणजे गायकाच्या जागी वाजणारी बासरी, आणि बहुधा तबला, हे मधोमध ठेवलेले असतात. याचा अर्थ डाव्या आणि उजव्या दोन्ही वायरींत ते हुबेहूब सारखे असतात. व्हायोलिनचा ताफा, संतूर, घुंगरू असलं काही एका बाजूला झुकवलेलं असतं. आता तुमची वायर काय आहे ते आठवा. माझा अंदाज असा: एका टोकाला बारीक ईपी स्टिरिओ पिन (मोबाईलच्या हेडफोनला असते ती), दुसऱ्या टोकाला एकच जाड पी-३८ पिन (पाव इंचाची), तिच्यावर दोन काळ्या रेषा. ती मिक्सरच्या एका चॅनेलच्या लाइन इनपुटमध्ये खोचलेली.

बाहेरून ही जोडणी अगदी बरोबर दिसते. पण मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड आहे. दोन रेषांच्या पिनेकडून त्याला अपेक्षा असते की टोकावर आवाज सुलटा येईल आणि मधल्या कड्यावर तोच आवाज उलटा. म्हणून ते टोकातून कडं वजा करतं. वायरीत बाहेरून शिरलेली घरघर दोन्हींवर सारखीच असते, ती वजाबाकीत जाते. बॅलन्स्ड जोडणीचा सगळा उपयोग हाच. तुम्ही मात्र टोकावर डावी बाजू दिली आणि कड्यावर उजवी. मिक्सरने डावीतून उजवी वजा केली. जे दोन्हींकडे सारखं होतं ते शून्य झालं: बासरी गेली, तबल्याचा मधला ठोका गेला, आणि उरली ती दोन्ही कडांची वाद्यं आणि बासरीचा नुसता घुमारा, विहिरीतून आल्यासारखा. तुम्हाला नक्की हेच ऐकू आलं असणार.

खात्री करायची असेल तर १९५० च्या दशकातलं लताबाईंचं कुठलंही जुनं गाणं त्या वायरीवरून लावा. लताबाई आपल्या इंदूरच्याच, १९२९ चा जन्म इथलाच. त्यांची त्या काळातली गाणी मोनो ध्वनिमुद्रित आहेत, म्हणजे डावी-उजवी बाजू एकच. वायर चुकीची असेल तर बासरीच काय, अख्खं गाणंच नाहीसं होईल, फार तर तळाशी खरखर उरेल. मी प्रत्येक नव्या जागी वायर तपासायला हेच करतो; मीटरपेक्षा लवकर उत्तर मिळतं.

हाच प्रकार वायर बरोबर असूनही होऊ शकतो. ईपी पिन पूर्ण आत गेली नाही, किंवा पिनेच्या मुळाशी जाळीचा (आतल्या तारांभोवतीच्या विणलेल्या वेष्टनाचा) टाका तुटला, तर समाईक अर्थ सुटतो आणि परिणाम तोच: मधलं सगळं गायब. हल्ली जाड बॅक कव्हरमुळे पिन शेवटपर्यंत बसत नाही हे कारण फार वेळा निघतं. कव्हर काढून पिन दाबा, टक् असं जाणवलं पाहिजे. जुन्या आणि नव्या पिनेतही घोळ आहे. माइकसह चार भागांची पिन तीन भागांच्या सॉकेटमध्ये कधी नीट टेकते, कधी नाही. फक्त आवाज बाहेर न्यायचा असेल तर तीन भागांचीच पिन घ्या.

योग्य वायर अशी: एका टोकाला ईपी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन पी-३८ मोनो, म्हणजे एकच काळी रेषा असलेल्या. डावी मिक्सरच्या स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या भोकात, उजवी उजव्या भोकात. महाराणी रोडवर तयार मिळते, पण मी सांगेन की शील्डेड वायर घेऊन तिथेच समोर बसून टाके घालून घ्या. तयार वायरीत जाळीच्या नावाखाली चार केस असतात. पिन उघडून दाखवायला सांगा. जो दुकानदार उघडून दाखवतो त्याच्याकडूनच घ्या.

मिक्सरवर एकच चॅनेल शिल्लक असेल तर? तेव्हा नुसती डावी पिन खोचली तर उजवीकडची वाद्यं हरवतात. त्यावर फोनमध्येच फुकटचा उपाय आहे. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ नावाचा पर्याय असतो, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत. तो चालू केला की दोन्ही बाजूंना पूर्ण गाणं येतं. मग डावी मोनो पिन लावा आणि उजवी मोकळी ठेवा, फक्त तिला टेप गुंडाळा, कुठल्या पत्र्याला टेकू देऊ नका. आपल्याकडचे मांडवाचे बहुतेक साउंड मोनोच असतात, तेव्हा यात काही गमावत नाही. पण मोनो ऑडिओ चालू असताना ती चुकीची दोन-रेषांची वायर लावाल तर संपूर्ण शांतता मिळेल, हे लक्षात ठेवा. दोन वायरी नुसत्या पिळून एकत्र करू नका. तशा केल्या की डावीकडचा ॲम्प्लिफायर उजवीकडच्याला ढकलत बसतो. एकत्रच करायच्या असतील तर दोन्हींत ४७० ओहम ते १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडायच्या. वायर बनवणाऱ्याला सांगितलं तर तो पिनेच्या टोपीतच बसवून देतो.

आता घरघर. इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार, कारण नव्वद टक्के वाद याच्यावर होतात आणि उपाय चुकीचे केले जातात, त्यातले काही जिवावर बेतणारे.

तालमीला पुढच्या वेळी असं करा. ट्रॅक थांबवा, फोनचा व्हॉल्यूम ९० टक्क्यांवर, फेडर नेहमीच्या जागी. घरघर ऐकू येतेय. फोन चार्जरला लावलेला असेल तर चार्जर भिंतीतून काढा. थांबली? तर चोर सापडला. दोन पिनांच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि फोनची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट सतत झिरपत असतो. चार्जिंगला लावलेल्या फोनची धातूची कड ओझरती चाळवल्यावर बोटाला झिणझिण्या जाणवतात, तोच हा करंट. फोन एकटा असेल तेव्हा त्याला जायला जागा नसते. मिक्सर अर्थ केलेला असतो, म्हणून वायर जोडली की करंट तिच्या जाळीतून मिक्सरकडे वाहतो. तुमच्या वायरीत गाण्याचा परतीचा रस्ताही तीच जाळी आहे, म्हणून करंटची घरघर गाण्यात मिसळते. लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरने प्रकार थोडा वेगळा होतो, दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ होऊन वेटोळं तयार होतं, पण कानाला तेच. ५० हर्ट्झची सलग गुणगुण आली तर ती बहुधा अर्थच्या वेटोळ्याची असते. कर्कश, दातेरी बझ आली तर चार्जर किंवा मांडवातल्या झुंबराचा आणि लाइटचा डिमर बघा. गणपतीच्या आरासीतल्या माळा आणि साउंड एकाच बोर्डावर असतील तर साउंडसाठी वेगळी लाइन मागा.

उपाय पहिला आणि सर्वांत स्वस्त: फोन आधी पूर्ण चार्ज करून आणा आणि कार्यक्रमात चार्जर लावूच नका. दोन-तीन तास ट्रॅक वाजवायला कुठल्याही बऱ्या फोनची बॅटरी पुरते. अगदीच गरज पडली तर पॉवर बँक, तीही भिंतीला न लावलेली. ज्या ॲडॅप्टरला एका बाजूला चार्जिंग आणि दुसऱ्या बाजूला ऑडिओ अशी दोन भोकं असतात ते सोयीचे वाटतात, पण चार्जरची सगळी कटकट तेच आवाजात आणतात. मंडळाच्या पेटीत तो नकोच.

चार्जर काढूनही घरघर राहिली तर वायरीची जाळी तुटलीय का बघा. पिनेच्या धातूला बोट लावून आवाज बदलतो का, वायर मुळाशी वाकवल्यावर खर्र होतं का. फोनमधून पिन उपसून नुसती वायर मिक्सरला लटकत ठेवली की ती घरघरणारच, उघडी वायर आजूबाजूच्या विजेची गुणगुण गोळा करते. त्यावरून "वायर खराब" असा निष्कर्ष काढू नका.

आणि हे कळकळीने सांगतो: घरघर घालवायला मिक्सरच्या किंवा मशीनच्या (ॲम्प्लिफायरच्या) प्लगची अर्थची पिन कापू नका, तिला टेप लावू नका. घरघर थांबते हे खरं. पण मशीनमध्ये कधी विजेचा बिघाड झाला की तो करंट जायला उरतो फक्त माइक हातात धरलेला गायक. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर, गणेशोत्सवात. साउंडवाला मुलगा असं करताना दिसला तर कार्यक्रम थांबवायचा तुम्हाला हक्क आहे.

खरा उपाय डीआय बॉक्स. आत ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध तुटतो. वर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, घरघर आली की दाबायचं. ते फक्त आवाजाच्या वायरीचा अर्थ सोडवतं, प्लगची अर्थिंग शाबूत राहते. तिथून पुढे कॅनन पिनेची (माइकला असते त्या तीन काट्यांच्या पिनेची) बॅलन्स्ड वायर स्टेजवरून मिक्सरपर्यंत कितीही लांब न्या. साधी ईपीची वायर मात्र तीन-चार मीटरच्या पलीकडे नेऊ नका. डीआयचा आणखी एक फायदा: मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम (काही माइकना वायरीतूनच दिली जाणारी वीज) चालू असलं तरी ते फोनपर्यंत पोचत नाही. फोनची वायर कॅनन पिन लावून सरळ माइकच्या इनपुटमध्ये खोचलेली मी पाहिली आहे. त्यात आवाज फाटतो, कारण माइक काही मिलिव्होल्ट देतो आणि फोन त्याच्या शेकडो पट. वर फँटम चालू असेल तर फोनच्या आउटपुटचा जीवही धोक्यात.

बाजारात बोटाएवढे ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतात, कारसाठी म्हणून. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्येही दिसतील. घरघर जाते, पण त्यातला ट्रान्सफॉर्मर इतका लहान असतो की खालचे स्वर त्याला पेलवत नाहीत. तुमच्या मंडळात कुणी तानपुऱ्याचं ॲप लावून गात असेल तर फरक लगेच कळेल. काळी एक धरली तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर वाजते. त्या बोटाएवढ्या डबीतून ती पोकळ, कधी किरकिरी येते आणि तानपुरा पायाविना तरंगल्यासारखा वाटतो. काळी चारच्या बायकी पट्टीत खर्ज सुमारे १०४ हर्ट्झवर, तिथे त्रास कमी. ज्या शहरात अमीर खाँसाहेब मंद्र सप्तकात तासन्‌तास रमत असत, तिथे खर्ज असा गमावणं मला सहन होत नाही. हार्मोनियमच्या ट्रॅकपुरतं काम असेल तर ती डबी चालेल, तानपुऱ्याला नाही.

नव्या फोनचं भोक. आयफोनमधून हेडफोनची जागा २०१६ साली गेली, बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनीही काढली. आता आवाज यूएसबी-सीमधून काढावा लागतो आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन प्रकारचे ॲडॅप्टर असतात. एकाच्या आत डॅकची चिप असते, दुसऱ्याच्या आत फक्त तारा. तारांचा प्रकार फोनकडून तयार ॲनालॉग आवाजाची अपेक्षा करतो. जो फोन तसा आवाज देत नाही त्यावर तो मुका राहतो. "या फोनला चालला, त्या फोनला नाही" अशा तक्रारींचं मूळ हेच. चिप असलेलाच मागा, पाकिटावर डॅक लिहिलेलं असतं, आणि दुकानात आपल्याच फोनला लावून गाणं ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

ॲपलचा छोटा यूएसबी-सी ॲडॅप्टर किमतीच्या मानाने फार स्वच्छ आवाज देतो. पूर्ण व्हॉल्यूमला साधारण १ व्होल्ट, आणि मिक्सरला तेवढं पुरेसं आहे. परदेशातून कुणी आणणार असेल तर युरोपातला आणवू नका, तिकडच्या नियमांमुळे त्याची पातळी निम्मी, ०.५ व्होल्टच्या आसपास ठेवलेली असते. आणि हा ॲडॅप्टर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाही, कारण त्याच्या आतली व्हॉल्यूम फोन वरपर्यंत नेतच नाही. तेव्हा यूएसबी-सीचा आयफोन (१५ किंवा पुढचा) असेल तर डोळे मिटून घ्या; अँड्रॉइड असेल तर दुसऱ्या कंपनीचा घेणं बरं. तुमचा पंधरा हजारांचा डॅक यापुढे काय देईल? चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत, थोडासा फरक. पंख्यांच्या, लेकरांच्या आणि बाहेरच्या रिक्षांच्या आवाजात दोन स्पीकरवर तो फरक कुणालाही ऐकू येणार नाही.

ब्लूटूथबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मंडळात कुणीतरी सुचवेलच. आवाज उशिरा पोचतो हा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण गायिका स्पीकरमधून येणारा ट्रॅक ऐकूनच गाते, उशीर सगळ्यांना सारखाच. पडद्यावरचे शब्द किंचित पुढे धावतील एवढंच. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. भरलेल्या हॉलमध्ये शेकडो फोन त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतात आणि मध्येच ट्रॅक तुटतो. तालमीला वापरा, कार्यक्रमाला वायर.

आता आयपॉड, आणि इथे तुम्हाला आनंदाची बातमी. तुम्ही जे लाइन आउट शोधत होता ते तुमच्या घरातच पडलंय. २००३ पासूनच्या बहुतेक आयपॉडना खाली जी रुंद, ३० पिनांची जागा असे तिच्यात खरंखुरं, ठराविक पातळीचं लाइन आउट आहे, व्हॉल्यूमच्या बटणाशी संबंध नसलेलं. २०१२ मध्ये लाइटनिंगची, म्हणजे ॲपलची बारीक, जागा आली तेव्हा ते गेलं, कारण तिच्यातून फक्त डिजिटल आवाज बाहेर पडतो. क्लासिकला शेवटपर्यंत ३० पिनांचीच जागा होती. ३० पिनांची लाइन आउटची वायर घ्या, मात्र यूएसबीचं शेपूट नसलेली, नाहीतर पुन्हा चार्जरची घरघर. ना कुणाचा फोन येणार, ना संदेशाची टिंग, ना नेटवर्क शोधताना टूजीचा टर्र-टर्र. बॅटरी मात्र आधी तपासा. इतक्या जुन्या यंत्रात ती थकलेली असणार, पण बदलून मिळते.

तरीही मंडळाचे पैसे खर्चच करायचे असतील, तर ते हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर करा. झूमचा एच-५ किंवा एच-६ घेतला तर हेडफोन आणि लाइन आउट अशा दोन वेगळ्या जागा मिळतात, ट्रॅक वेव्ह (न आकसलेली) फाइल म्हणून वाजवता येतात, आणि ज्या दिवशी ट्रॅक नसेल, प्रत्यक्ष साथीदार असतील, त्या दिवशी कार्यक्रम नीट रेकॉर्ड करता येतो. त्यासोबत दोन चॅनेलचा पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणारा, डीआय बॉक्स. हे दोन्ही पुढची कित्येक वर्षं चालेल, फोन कुठलाही येवो.

शेवटचं ट्रॅकबद्दल. व्हॉट्सॲपवर कुणी स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोटने पाठवलेला ट्रॅक जगातल्या कुठल्याही डॅकने सुधारत नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, जमलं तर वेव्ह; सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी होते, आजच्या फोनला काही जड नाही. सगळे ट्रॅक आधी एका बैठकीत वाजवून त्यांची पातळी ऑडॅसिटीत (संगणकावरच्या फुकटच्या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये) सारखी करून घ्या, म्हणजे एक गाणं कुजबुजत आणि पुढचं अंगावर येतं असं होणार नाही. कार्यक्रमाच्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर, ब्लूटूथ बंद, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवलेली, ट्रॅक फोनमध्येच उतरवून घेतलेले. यादीतल्या क्रमाने त्यांच्या नावांपुढे आकडे घाला. पेटीत तशीच दुसरी ईपी ते दोन पी-३८ वायर आणि दुसरा ॲडॅप्टर ठेवा, दोन्ही वाजवून पाहिलेले, आणि त्यांच्यावर पट्टी चिकटवून तारीख लिहा.